कोपरा कापलेली कार्डं

तिबो केरार केक घेऊन आला, तेव्हाच गास्तों लाफे समजला की याला फक्त आपलं काम करून घ्यायचं आहे. गास्तोंची बायको सोलांज नऊ महिने आजारी होती, त्या नऊ महिन्यांत हा माणूस एकदाही फिरकला नव्हता. दफनाच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत बसला होता आणि उठताना आपल्या कोटावरची धूळ झटकत होता.

"मस्यू लाफे, तुम्ही फार बारीक झालात."

"छपरावर चढायला बरं पडतं. पाय पूस आणि आत ये."

तिबो पंचेचाळिशीला आला होता. पेरिग्यूच्या शाळेत तो सोलांजच्याच जागेवर इंग्रजी शिकवायचा. एकोणिसाव्या वर्षी तो तिचा विद्यार्थी होता आणि याच टेबलाशी बसून त्याने तिच्या हातचं सूप प्यायलं होतं, म्हणून गास्तों त्याला अजून अरेतुरेच करायचा. गास्तों स्वतः जन्मभर छपरं घालत आला. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं.

सप्टेंबरात तिबोचं पत्र आलं होतं. मादामनी चाळीस वर्षं इंग्रजी शब्दांची कार्डं केली, ती अशी खोक्यांत कुजू देणं बरं नाही. प्रकाशक तयार आहे. फ्रेंच मुलांसाठी वरच्या पातळीच्या इंग्रजी शब्दांचं पुस्तक निघेल, आणि मुखपृष्ठावर मादामचं नाव सगळ्यात वर असेल.

नाव. गास्तोंने ते पत्र तीनदा वाचलं. सोलांजचं नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं, कबरीच्या दगडावर आणि दारातल्या टपालपेटीवर. पुस्तकावर आलं तर कुठेतरी कुणी पोर ते वाचेल, पान दुमडेल, शिव्या घालेल. तेवढ्यासाठी हा केकवाला घरात घ्यायची त्याची तयारी होती.

संतांच्या सणाची सुट्टी होती, गुरुवार होता. तिबो सकाळी दहापासून बुटांची अकरा खोकी उघडून बसला. गास्तों मागे लाकडं फोडत होता. दुपारी आत आला तर टेबलावर कार्डांचे दोन ढीग होते, एक मोठा आणि एक लहान. लहान ढीग तिबोने कचऱ्याच्या पिशवीशेजारी ठेवला होता.

"हे काय?"

"बाद केलेली. मादामनी स्वतःच कोपरे कापून ठेवलेत, बघा ना. बरोबरच केलं. फार साधे शब्द आहेत. त्यातून मागे सगळी घरगुती टिपणं."

गास्तोंने वरचं कार्ड उचललं. कोपरा स्वच्छ कापलेला होता. त्याला स्वयंपाकघरातली कात्री आठवली, आणि शेजारच्या मादाम पास्को निघून गेल्या की खोक्यांकडे जाणारी सोलांज आठवली. मादाम पास्को इंग्रज. कॉर्नवॉलच्या टपाल कचेरीत नोकरी करून म्हातारपणी या गावात आलेल्या. गेली सव्वीस वर्षं दर गुरुवारी त्या येत आणि दोघी इंग्रजीत गप्पा मारत. सोलांजचा नियम एकच होता. नवा शब्द कार्डावर लिहिला म्हणजे आला असं नाही. तो बोलता बोलता, न ठरवता तोंडातून निघाला पाहिजे आणि ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटता कामा नये. मग कोपरा कापायचा, मागे तारीख टाकायची आणि कशाबद्दल बोलत होतो ते फ्रेंचमध्ये लिहायचं.

"तिबो," गास्तों म्हणाला, "हा नियम तिने तुम्हा सगळ्या पोरांना सांगितला होता."

"कोणता नियम?"

गास्तोंने सांगितला. तिबोच्या कपाळावर आठी पडली, मग तो हसला. "हो हो, असं काहीतरी होतं खरं."

"तुझ्या एकाही कार्डाला कात्री लागली नाही, म्हणून विसरलास."

"मस्यू लाफे, पण मग हे..." तिबोने लहान ढीग अंगठ्याने चाळला. "हे सहाशेच आहेत. चार हजारांतले सहाशे! मादामबद्दल आदर आहेच, पण हे बाहेर सांगण्यासारखं नाही."

छपरावर चढवण्याआधी गास्तों प्रत्येक दगडी पाटी ठोकून पाहायचा. चांगली वाजली तर वर, बद्द वाजली तर खाली. गाडीभर पाट्या आणून त्यातल्या निम्म्या फेकणाऱ्या कारागिराला कुणी अडाणी म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. पण हे या माणसाला सांगून काय उपयोग? याने आयुष्यात कधी गळकं छप्पर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. मादाम पास्को आल्या. सोलांज गेली तरी त्यांचा गुरुवार चुकला नव्हता. टोपलीभर नाशपाती आणून त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि सोलू लागल्या.

"पाहुणे वाटतं?"

"सोलांजचा विद्यार्थी. इंग्रजीचा मास्तर," गास्तों म्हणाला. "तिबो, मादामशी जरा इंग्रजीत बोल. सोलांजबद्दल बोल. मला ऐकायचंय."

"तुम्हाला कुठे कळतं?"

"तू बोल तर."

तिबोने खाकरून घेतलं आणि सुरुवात केली. गास्तोंला खरंच काही कळत नव्हतं, पण तो ऐकत नव्हताच. तो मादाम पास्कोंच्या हातांकडे बघत होता. सोलांज बोलायची तेव्हा त्यांची सुरी थांबायची नाही. साल एकाच लांब फितीत खाली यायची. आता सुरी थांबली. मादामनी मान वर करून तिबोकडे पाहिलं, पुन्हा सोलायला लागल्या, पुन्हा थांबल्या. तिबो रंगात आला होता, हात हलवत होता. अकरा वेळा सुरी थांबली. बशीत सालींचे तुकडे पडले.

"कसं बोलतो?" गास्तोंने विचारलं.

मादाम पास्को सभ्य बाई. "चूक एकही नाही," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात सगळे कोट एकावर एक घालून आल्यासारखे वाटतात, एवढंच."

तिबोचे कान लाल झाले. "मादाम, परीक्षक काही नाशपाती सोलत बसत नाहीत. त्यांना भारी शब्द लागतात. पोरं तेच मागतात, प्रकाशक तेच मागतो." मग गास्तोंकडे वळून म्हणाला, "सरळ सांगतो. ते लांबलचक तीन हजार चारशे शब्द असले तरच पुस्तक आहे. या सहाशे घरगुती शब्दांना कुणी विचारणार नाही. मोठा ढीग छापला तर मादामचं नाव राहील. नाहीतर कुठेच नाही. ठरवा."

गास्तों खिडकीपाशी गेला. तिथून टपालपेटी दिसत होती. दोन नावं, सोलांजचं वर. मागे तिबो बोटांनी टेबल वाजवत होता, डॉक्टरकडे नंबर लागलेला माणूस वाजवतो तसं.

"मोठा ढीग घेऊन जा," गास्तों शेवटी म्हणाला. "सगळा ने. पण तिचं नाव घालू नकोस."

"म्हणजे?"

"ते तिचे शब्द नाहीत. तिने ठोकून पाहिले आणि खाली ठेवले. ते तुझ्या नावावर खपव."

"तुमची खात्री आहे? मला फार वाईट वाटेल हो," तिबो म्हणाला. बोलता बोलता तो खोकी भरतही होता. दोनदा नेआण करून त्याने गाडी भरली. जाताना गास्तोंचा हात जोरात दाबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते लपवायची अक्कलही त्याला नव्हती. मुखपृष्ठावर आता एकच नाव येणार होतं. केक मात्र तो परत न्यायला विसरला.

गाडी वळणाआड गेल्यावर मादाम पास्को एक आखूड इंग्रजी शब्द बोलल्या.

"काय म्हणालात?"

"तुमच्या भाषेत नेमका नाही. आपणच काय ते शहाणे, असा चेहरा करून फिरणारा."

"लिहून द्या."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिला. गास्तोंने लहान ढीग पुढे ओढला आणि अक्षरं जुळवत एकेक कार्ड पाहू लागला. अर्ध्या तासाने सापडलं. कोपरा कापलेला. घाईने त्याने मागची बाजू पाहिली. सोलांजचं तिरकं अक्षर, सात वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली: "गास्तोंबद्दल. मेअरशी भांडून आला तेव्हा. विनी सोलतच राहिली."

विनी म्हणजे मादाम पास्को. त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि घाईने दुसरी नाशपाती उचलली.

"खरंच म्हणाली होती?"

"अनेकदा," मादाम पास्को म्हणाल्या. "कार्ड एकदाच कापलं."

गास्तोंला हसू आलं, आणि सोलांज गेली त्या मार्चपासून पहिल्यांदाच त्याने ते आवरलं नाही. मग स्वयंपाकघरातली कात्री खुंटीवरून काढून आणली आणि ते कार्ड समोर धरून त्याने तो शब्द मोठ्याने म्हटला.

सुरी थांबली.

त्याने पुन्हा म्हटला. सुरी पुन्हा थांबली.

"पुढच्या गुरुवारी बघू," मादाम पास्को म्हणाल्या.

गास्तोंने कात्री परत खुंटीला अडकवली. कार्डाला अजून तीन कोपरे होते.