मामा उपलब्ध नाहीत

हळदीचं बोट लागलेला पत्रिकेचा कोपरा कीबोर्डखाली अडकला होता, आणि तो ओढून काढताना सत्यजीतला पुन्हा तीच ओळ दिसली — मुलीचे मामा : रोहिदास. आपलं नाव कुठं, तर खाली, निमंत्रकांच्या गर्दीत, सोसायटीच्या चेअरमननंतर. सख्खा भाऊ धडधाकट असताना धुरपदाताईनं चुलतभावाला मामाचा मान द्यावा! लग्न ठरल्याचं आईनं त्याच्या बायकोला, शितलला कळवलं होतं. तारीख धरताना आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, तिथंच त्याचं डोकं फिरलं होतं. रोहिदास न्हावऱ्याहून मोटरसायकलवर शिरूरला पत्रिका घेऊन आला, तर त्याला धड चहाही विचारला नाही. गेले चार दिवस तो घरात धुसफुसत होता. दौंडला लग्नाला जायचंच नाही, त्यानं बायकोला ठणकावून सांगितलं. "अहो, ताईंना एक फोन तरी करा," शितल म्हणाली. फोन? मी का करू? ज्यांनी मान डावलला त्यांनी करावा...

पत्रिका बाजूला सारून तो ऑफिसच्या कामाला लागला. उद्या पुण्याच्या कंपनीची मंडळी त्याचं काम बघायला येणार होती. दीड वर्ष राबून त्यानंच केलेलं हे ॲप : माणसानं माणसाला 'वेळ आहे का' विचारायची कटकटच नको. एकाच्या मोबाइलमधला एआय असिस्टंट दुसऱ्याच्या असिस्टंटला विचारतो, तो आपल्या माणसाचं कॅलेंडर बघतो आणि मोकळा की व्यस्त एवढंच सांगतो. कशात व्यस्त, ते नाही — हा त्यातला सभ्यपणा, असं तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. दाखवायला एखादं बरं उदाहरण मिळावं म्हणून तो स्वतःकडे आलेल्या चौकशा चाळत होता, आणि मध्येच नाव आलं — अक्षदा. ताईची मुलगी. नवरी.

चौकशी महिन्यापूर्वीची होती. 'लग्नाच्या तीन तारखा निघाल्या आहेत. मामा कधी मोकळे आहेत? आई म्हणते, मामाच्या सोयीनं धरू.' खाली त्याच्या असिस्टंटचं उत्तर. पहिल्या तारखेला उपलब्ध नाहीत. दुसऱ्या तारखेला उपलब्ध नाहीत. तिसऱ्या तारखेलाही नाहीत. मग पलीकडून पुन्हा विचारलेलं, मग कधी? — आणि त्यावर : 'पुढील दोन महिने उपलब्ध नाहीत. तसदीबद्दल क्षमस्व.'

क्षमस्व! अरे गाढवा, कुणाला सांगतोयस हे... पण गाढव कोण, ते त्याला माहीत होतं. त्यानं तिन्ही तारखा उघडून पाहिल्या. तिन्ही रविवार, तिन्ही कोरे.

दिवाळीत त्यानं 'घर' नावाचा एक गट केला होता. आई, आबा, ताई, अक्षदा, रोहिदास, निमोण्याची मावशी — यांच्यापैकी कुणीही विचारलं तर असिस्टंटनं सरसकट 'व्यस्त' सांगायचं, कॅलेंडर न बघता. कारण काय, तर ऐन मीटिंगमध्ये आबांचा फोन, सातबारा मोबाइलवर दिसंना. ताईचा फोन, म्हाळूच्या पोराला कंपनीत चिकटवतोस का. एकदा तर स्पीकर चालू राहिला आणि सगळ्या टेबलासमोर ताईचा आवाज — "सत्त्या, कांदा काढायला कवा येतूस रं?" — सगळे हसले होते, वाईट मनानं नव्हे, पण हसले होते. त्याच दुपारी त्यानं तो गट केला, आणि ताईला सांगितलं, एकदम फोन नको करत जाऊ, आधी असिस्टंटला विचारत जा. आठ दिवसांपुरतंच होतं ते. मग विसरला.

विसरला? छे. किती खोटं बोलायचं, तेही स्वतःशी! दोनदा आठवलं होतं मला. एकदा गाडी चालवताना, एकदा संक्रांतीला तिळगूळ तोंडात असताना. दोन्ही वेळा वाटलं, राहू दे, किती शांत आहे सगळं... आणि त्या शांततेत ताई तिकडं तीन तारखा घेऊन दाराशी उभी होती, आणि इकडं मी रुसून बसलो होतो. त्याला स्वतःची किळस आली.

जिन्यात जाऊन त्यानं फोन लावला. सरळ सांगून टाकायचं — ताई, मी मोकळा होतो.

"अगं बाई, सत्त्या! तू सोताहून फोन केलास?" ताईचा आवाज आधी फुलला, मग हळू झाला. "लई काम पडलंय का रं? तीनी तारखा इचारल्या आम्ही. फुडचा मुहूर्त पार उन्हाळ्यात, आन् पाव्हणे थांबंनात. मग त्यातलीच एक धरली, आन् रोहिदासला उभं करायचं ठरलं. तुला वाईट वाटलं आसंल."

"ताई, ते मी..."

"न्हाई, ऐक. तुझे दाजी बोलले जरा, सख्खा मामा आसून काय उपेग म्हणून. मी म्हन्लं, गप बसा. येळ आसता तर त्यो आला नसता व्हय? मशीनला काय पडलंय खोटं बोलायला?"

सगळी वाक्यं तोंडात तयार होती. पण दाजींसमोर ताई आपली बाजू घेऊन भांडली होती, आणि आता खरं सांगायचं म्हणजे तिलाच तोंडघशी पाडायचं... की हेही निमित्तच?

"हां," तो म्हणाला. "काम हाय खरं."

हे काही मशीन बोललं नव्हतं.

"आसूं दे. एक कर," ताई म्हणाली. "बारा पस्तीसला अक्षता पडत्याल. तवा पाच मिन्टं हातातलं काम थांबव. तेवढं केलंस तरी मामा पाठीशी हाय, आसं मी पोरीला सांगीन."

जागेवर येऊन त्यानं सवयीनं कॅलेंडर उघडलं आणि सवयीनंच लिहिलं — रविवार, बारा पस्तीस, पाच मिनिटं. लिहून झाल्यावर हात तिथंच राहिला. अजून फोन करता येईल, दौंड काही लांब नाही, गाडीनं दीड तास... पण तो उठला नाही. त्या पाच मिनिटांच्या वर आणि खाली रविवार अख्खा मोकळा पडला होता, आणि तो कुठं बसून काढायचा, या विचारानं त्याला भीती वाटू लागली.