ताटावरचा हात

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण द्यायचं, पण सासूबाईंचे गुडघे सुजलेले. म्हणून सासरे शेषेराव आणि मेहुणा बजरंग औशाहून लातूरला आले आणि हॉटेलातच टेबल धरलं. जावई भागवत शिल्पाला घेऊन नांदेडहून आला.

भागवतचं खाणं थोडं. बाहेर जेवताना त्याला सगळ्याची चव हवी असे, पण प्रत्येकाचे दोनच घास. त्यानं वाढप्याला तसं सांगितलंही. शेषेरावांचं उलट होतं. एक कालवण असलं तरी चालेल, पण ताट भरलं पाहिजे. नको म्हणणारा माणूस लाजतोय, असंच ते धरून चालत.

"जावई, पाखरावानी काय टोचून राह्यलाव? घ्या की!"

"मामा, बस झालं. खरंच."

शेषेरावांनी वाढप्याच्या हातातला डाव घेतला. पुरणाचे तीन धोंडे झाले, त्यावर तूप झालं. चौथ्याला भागवतनं ताटावर पालथा हात धरला. बाजूच्या टेबलावरचे लोक बघू लागले. शेषेराव हसले आणि डावभर कढत आमटी त्या हातावरच ओतली.

"आता तरी काढताव का न्हाई हात?"

भागवत किंचाळून उठला आणि पोळलेल्या हातानंच सासऱ्याला ढकललं. शेषेराव मागं कोसळले. टेबलाच्या कोपऱ्यानं डोक्याला खोक पडली आणि पांढरा सदरा मानेपासून लाल होत गेला.

"माझ्या बापाला ढकलतो?" बजरंगनं स्टीलचा जग उचलून भागवतच्या तोंडावर हाणला. एकदा, मग दुसऱ्यांदा. पुढचा दात तुटला. त्याला भिंतीशी दाबून बजरंगनं ताटातला धोंडा मुठीत घेतला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "खा! खातो का न्हाई? खा!"

तोंडात रक्त आणि पुरण एक झालं. भागवतला श्वास घेता येईना. त्याचे पाय फरशीवर घासू लागले. वाढपी लांबच उभे राहिले.

शिल्पा आधी बापाकडं धावली होती. वळून पाहिलं तर नवऱ्याचे डोळे पांढरे होत होते. तिनं भावाचं मनगट दातात धरलं आणि तो ओरडून मूठ सोडेपर्यंत सोडलं नाही. मग भागवतच्या तोंडात बोटं घालून तिनं सगळं बाहेर ओढलं. तो खोकला, ओकला आणि तिच्या मांडीवर पडला.

सरकारी दवाखान्यात शेषेरावांना सहा टाके पडले. भागवतच्या हाताची कातडी सोलली होती, जबडा हलत नव्हता. जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा शेषेराव खाटेवरून म्हणाले, "घरातली गोष्ट हाय, साहेब. जेवताना जरा आग्रह झाला."

भागवतला बोलता येत नव्हतं. हवालदारानं शिल्पाकडं पाहिलं.

"लिव्हा," ती म्हणाली. "बजरंग शेषेराव जाधव. माझा सख्खा भाऊ. ह्यांचा जीव घेऊन राह्यला व्हता."

"शिल्पे!" शेषेराव उठायला लागले. "त्या पोराचं लगीन ठरलंय गं!"

"आप्पा, त्यांनी हात आडवा धरला व्हता. तुमाला दिसला व्हता."

शेषेरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. दाराशी बजरंग चावलेलं मनगट धरून रडत होता. शिल्पानं कागद नीट वाचला, एक चुकलेलं नाव दुरुस्त करून घेतलं आणि सही केली.