मुलुंडला पाठवलेली

आई गेल्यापासून, शनिवारी शाळा लवकर सुटली की मी घाटकोपरच्या रिकाम्या घरी न जाता बाबांच्या साकीनाक्याच्या ऑफिसात जाऊन बसायचे. तिथला कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेने मुलुंडच्या शाखेला जोडायचं काम बाबांकडे होतं, आणि त्याआधी लोकांना या सोयीतून नेमकं काय हवंय, हे ते प्रत्येक टेबलापाशी जाऊन विचारत होते.

"पाठवली तर इथली फाइल जाणार की राहणार, ते आधी सांगा साहेब," हिशेबाचे काशीरामकाका म्हणाले. "शिपायाच्या हाती मुलुंडला दिलेली एकसुद्धा परत आलेली नाही."

"राहील हो. तिकडे फक्त नक्कल जाते," बाबा हसले.

चाचणीसाठी त्यांनी मला कीबोर्डसमोर बसवलं. "काहीही लिही गं जया. स्वतःबद्दलच लिही." मी कुणाशी फारसं बोलत नाही, बाबांशीही नाही, पण पडद्यावरच्या त्या हिरव्या अक्षरांत मी आई गेल्यावर त्यांना सांगायचं राहून गेलेलं सगळं लिहीत गेले. बाबांनी ते न वाचताच पाठवलं. थोड्या वेळाने मुलुंडच्या शाखेतल्या जयवंतकाकांचा फोन आला. त्यांचा आवाज मोठा, मलाही ऐकू आला.

"पोचली हो. गोड आहे तुमची मुलगी. केवढी बोलते!"

बाबांना ती थट्टा वाटली.

पुढे त्यांना मुलुंडची कामं वारंवार निघू लागली. ते उशिरा यायचे, पण खुशीत असायचे. एकदा जेवताना म्हणाले, "आज आईबद्दल किती बोललीस गं. मला फार बरं वाटलं."

"कुठे, बाबा?" मी विचारलं. मी दिवसभर शाळेत होते. त्यांनी आमटी वाढून घेतली.

मग मी दुपारभर मनाशी वाक्यं जुळवू लागले. बाबांशिवाय मला कुणी नव्हतं. पण मी धीर करून सुरुवात केली, की "हे सांगून झालंय की तुझं," म्हणत ते पेपर उचलायचे. एका रविवारी त्यांनी माझे दोन फ्रॉक पिशवीत भरून नेले.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात बाबा होते. त्यांनी दारावरची पाटी वाचली, मग मला पाहिलं आणि परक्या मुलांशी मोठी माणसं बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाले, "माफ कर हं बाळ, चुकून वाजवली."

मग जिन्याच्या कठड्यावरून ते खाली वाकले.

"चढू नकोस गं जया. आपलं घर हे नव्हे."