सारख्या वाटणीच्या गोळ्या

नातीच्या लग्नाच्या वर्षी म्हातारीच्या दोन्ही लेकांच्या स्वादुपिंडाला पुन्हा सूज आली. रोग घराण्यातलाच असावा, असं त्या रोगावर संशोधन करणारे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दोघांना नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं.

“कुणाच्या बाटलीत औषध आणि कुणाच्या नुसत्या पिठाच्या गोळ्या, हे मलाही माहीत नाही,” ते म्हणाले.

म्हातारीच्या डोक्यात काही शिरेना. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, तो कसला डॉक्टर? तिने जन्मात लेकांत डावं-उजवं केलं नव्हतं. घरी येताच तिने दोन्ही बाटल्या एका डब्यात ओतल्या, चांगल्या हलवल्या आणि सारख्या वाटून परत भरल्या.

थोरल्याचं पोट दुखायचं थांबलं. धाकट्याचं दुखणं वाढतच गेलं. डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या मागितल्या, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “आजी, आता थोरल्याला गुण कशाने आला म्हणायचं?”

“तेच मी तुम्हाला विचारणार होते.”

“आपोआपही आला असेल. कसं सांगू?”

“मग धाकट्याला अर्धं औषध पुरलं नाही, असं असेल का हो?”



धाकटा त्याच वर्षी, थंडी सुरू होता होता गेला.