नोंद : मुरमाड

डिसेंबर सरता सरता आक्काच्या घराचं दार लागेनासं झालं. पावसाळ्यातही ते फुगून बसायचं, पण लाकूडच ते, पाण्यानं फुगणारच, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता जमीन वाळत चालली तशी चौकटच तिरकी झाली आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघून थेट पत्र्याला भिडली. आक्कानं ती सिमेंटनं बुजवली. पंधरा दिवसांत ती पुन्हा उघडली, आणि या खेपेला तिच्यात आक्काची करंगळी जाऊ लागली.

अंबाडीच्या पुढे वाडा रस्त्याला लागून एक डोंगर आहे, त्याच्या माथ्यावरच्या गवताळ माळावर ही अठ्ठावीस घरं. कशेळीकडे रस्ता रुंद होताना ज्यांची घरं गेली त्यांना सरकारनं ही जागा दिली. जन्मभर खाडीचा वारा खाल्लेली माणसं डोंगरावर आली आणि गुडघाभर गवत काढून राहिली. आक्का एकटीच होती. नवरा जुन्या घरातच गेला होता, लेक सासरी पालघरला. पक्क्या भिंतीचं घर आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं म्हणून तिनं ते आतून पोपटी रंगवून घेतलं होतं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत अठ्ठावीसपैकी एकवीस घरांना भेगा गेल्या. लोकांनी अर्ज केले, पुनर्वसन कार्यालयानं भिवंडीच्या प्रयोगशाळेला पत्र धाडलं, आणि माती बघायला धम्मदिना आली.

धम्मदिना खारबावची. कल्याण नाक्याजवळच्या एका माती-तपासणी प्रयोगशाळेत ती आठ वर्षं नोकरी करत होती. शेजारी लूमचा कारखाना. त्याच्या धडधडीनं वजनकाटा थरथरायचा, म्हणून नाजूक वजनं ती शुक्रवारवर ठेवायची. त्या दिवशी लूमना सुट्टी. कामात ती अशी होती. एक ग्रॅम इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे.

जीप शेवटच्या वळणावर आली आणि ती पुढे वाकून बघू लागली. हे वळण तिनं पाहिलं होतं.

सहा वर्षांपूर्वी, नोकरीला दोनच वर्षं झालेली असताना, याच वळणावर उतरून तिनं रस्त्याच्या कडेला एक खड्डा घेतला होता. जीप पुढे जात नव्हती, ऊन मी म्हणत होतं, आणि बरोबरचे साहेब म्हणाले होते, "एक पुरे. डोंगर सगळा सारखाच असतो." खड्ड्यात हातभर खाली लाल, खडेदार मुरूम लागला होता. घर बांधायला त्याहून चांगली जमीन नाही. तिनं वर्गवारीच्या रकान्यात लिहिलं, ‘उथळ, मुरमाड’, आणि खाली सही केली. त्या नोंदीवर पुढे काय उभं राहिलं, हे तिला कुणी कळवलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

या वेळी ती माळाच्या मधोमध चालत गेली. पायथ्याच्या गावातला पंढरी खणायला आला होता. साठीतला माणूस, पिढ्यान्‌पिढ्या या माळावरचं गवत कापणाऱ्या घरातला. त्यानं कुदळ घातली. मुरूम कुठे लागतोय म्हणून धम्मदिना वाट पाहत राहिली. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं, मुरूम लागला नाही. वर हातभर काळी, मुळ्यांनी विणलेली माती, तिच्याखाली करड्या रंगाची चिकण, उन्हानं दगडासारखी टणक. वरून आलेल्या भेगा खोलवर गेल्या होत्या आणि त्यांत वरची काळी माती ओघळून बसली होती.

ती खड्ड्यात उतरली. एक ढेकूळ फोडलं तर आतली बाजू पॉलिश केल्यासारखी चकाकली. माती फुगते, आक्रसते, स्वतःवरच घासत राहते, तेव्हा ही चकाकी येते. तिनं चिमूटभर माती पाण्यात मळून अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत सोडली. फीत निघाली, न तुटता बोटभर लांब लोंबत राहिली. फीत जितकी लांब तितकी माती चिकण; तिला स्वतःला पुढचं काही तपासायची गरजच नव्हती.

"पंढरीदादा, इथं पूर्वी कुणी घर बांधलं नव्हतं का?"

"कोन बांधील?" पंढरीनं घाम पुसला. "आमच्या बापानं गवताच्या गंज्या बी कडंला, त्या वळनावं रचल्या. मदी न्हाय. हा माळ हलतो. उन्हाल्यात तोंड उघडतो, पावसात मिटतो. ती बोंडाऱ्याची झाडं बग, येक तरी सरळ हाय का?"

तिनं पाहिलं. माळावरची पाचसहा झाडं, सगळी वेगवेगळ्या बाजूंना कललेली.

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"मना कोनी इचारलं?"

प्रयोगशाळेत तिनं काचेच्या दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत सारखीच कोरडी माती, एकीत रॉकेल, ज्यात माती फुगत नाही, दुसरीत पाणी. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती दहाच्या खुणेवर होती तशीच होती. पाण्यातली एकवीसवर चढली होती. आपल्या आकाराच्या दुपटीहून जास्त. असल्या मातीवर अडीच फुटांचा पाया म्हणजे निजलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवलेली घागर. पाया या मातीखालच्या खडकापर्यंत न्यायला हवा होता, नाहीतर तिथं गवतच राहू द्यायला हवं होतं.

तिनं अहवाल लिहिला. वर्ग बदलला : ‘खोल, चिकण, अतिफुगणारी’. जुनी नोंद अपुऱ्या नमुन्यावर होती, हेही तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. प्रयोगशाळेचे प्रमुख देवेश सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

"हे वाक्य काढलंस तरी चालेल."

"नाही काढणार, सर."

"धम्मदिना, जुनी नोंद खोटी नव्हती. वळणावर मुरूमच आहे."

"माणसं वळणावर राहत नाहीत."

त्यांनी सही केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांना कार्यालयातून बोलावणं आलं.

टेबलावर दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवलेले होते. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी पाणी मागवलं, मग जुन्या कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"हो."

"आणि ही?"

"तीही माझीच."

"एकाच गट नंबरची जमीन. तेव्हा मुरमाड, आता चिकण. मी वर कुठली पाठवू?"

"नवी. तेव्हा एकच खड्डा घेतला होता, साहेब. आता सात घेतलेत. हवं तर तुम्ही चला, मी दाखवते. हातानं कळतं."

"हाताचं कागदावर येत नाही." तो खालच्या आवाजात बोलू लागला. "वर्ग बदलायचा तर पूर्ण डोंगराची मोजणी पुन्हा लावावी लागते. ते माझ्या हातात नाही. मी प्रस्ताव टाकतो. पण तोवर नोंद मुरमाडच. आणि मुरमाड जमिनीवर भेग गेली, तर नियमानं ती बांधकामाची किंवा वापराची चूक धरली जाते."

"वापराची म्हणजे?"

"घराभोवती सांडपाणी मुरू देणं, वगैरे."

धम्मदिनाच्या लक्षात आलं, की तिच्या नव्या अहवालाला खोटं पाडायला तिचाच जुना अहवाल पुरेसा होता. आणि तो इतका नीटनेटका लिहिला होता, की त्यात कुणाला खोट काढता येणार नव्हती.

पंधरवड्यात माळावरच्या प्रत्येक घराला छापील पत्र गेलं : रहिवाशांनी सांडपाण्याची योग्य व्यवस्था करावी, दुरुस्ती स्वतः करून घ्यावी.

धम्मदिना एका रविवारी स्वतःच्या पैशानं एसटीनं अंबाडीला उतरली आणि रिक्षा करून माळावर गेली. कुणी पाठवलं नव्हतं. खड्डे घेताना जिच्या घरी ती पाणी प्यायली होती, ती आक्का पायरीवर बसली होती. पायरी भिंतीपासून चांगली वीतभर सुटली होती.

"ये गो बाय. पानी पितेस? सांडायचं नाय हां, सरकारचा हुकूम हाय." ती हसली, पण डोळे हसले नाहीत.

"आक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं. वळण, तो एक खड्डा, सही. मध्ये कुठे थांबली नाही. आक्का ऐकत राहिली. बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "तवा तू किती वर्साची व्हतीस?"

"सव्वीस."

"सव्वीस म्हंजे काय ल्हान न्हाय. मना दोन पोरी व्हत्या सव्वीसला. येक तापानं गेली." आक्का माळाकडे बघत राहिली. "चालत आली असतीस मदीपर्यंत, तर?"

"तर इथं घरं झाली नसती."

"मंग आमी कुटं असतो?"

कशेळीचं घर तर रस्त्याखाली गेलेलंच होतं.

आक्का तिला रागावली नाही, तिनं माफही केलं नाही. हाताला धरून तिनं तिला आत नेलं. पोपटी भिंतीवरून भेगा जिन्यासारख्या पायरी पायरीनं वर चढल्या होत्या. एका भेगेतून पलीकडचं ऊन आत येत होतं. मागची भिंत पोट काढून उभी होती आणि तिच्याच खाली आक्काची खाट होती.

"तुला माती कलते ना?" आक्का म्हणाली. "मंग येवढं सांग. मी कंच्या कोपऱ्यात निजू?"

"आक्का, तुम्ही लेकीकडे जा. इथं राहू नका."

"तिच्याकडं येक खोली, सा मान्सं. ते मी बगते. तू कोपरा सांग."

धम्मदिनानं भिंतींना हात लावला. प्रत्येक भेग बोटानं मापली, कुठून सुरू होते, कुठे रुंदावते ते पाहिलं. बाहेर जाऊन जमीन पाहिली, पुन्हा आत आली. आठ वर्षांचं जे काही शिक्षण होतं, ते सगळं तिनं त्या दहा बाय बाराच्या खोलीत पणाला लावलं. शेवटी ती स्वयंपाकाच्या ओट्याजवळ थांबली. ओट्यानं तिथल्या भिंतीला थोडा आधार दिला होता.

"इथं," ती म्हणाली. "पण पाऊस सुरू झाला की इथंही नाही."

दोघींनी खाट उचलली. जड होती, आक्काला धाप लागली, मध्ये एकदा टेकवावी लागली. ओट्याजवळ खाट पुरती मावेना, तेव्हा धान्याचा डबा बाहेर काढला. आक्कानं चादर झटकली, अंथरली, आणि खाटेवर बसून पाहिलं.

दिवाळीपर्यंत अकरा कुटुंबं माळ सोडून गेली. कुणी भिवंडीत भाड्यानं, कुणी नातेवाइकांकडे. आक्काच्या घराची मागची भिंत ऑगस्टात पडली. त्या वेळी आक्का बाहेर पत्र्याच्या पडवीत होती, म्हणून वाचली. तिनं त्या बाजूला ताडपत्री लावली आणि तिथंच राहिली. मोजणीचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे, हे धम्मदिना दर महिन्याला फोन करून विचारते. पलीकडचा माणूस गट नंबर टाकून बघतो आणि आदरानं सांगतो, "मॅडम, इथं मुरमाड दिसतंय."