एल्डनचा एक चेंडू

फोन वाजला तेव्हा एल्डन मॅकरी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. सकाळपासूनची ही कितवी खेप होती कोण जाणे. कोच हॅलोरनने फोन उचलला, दोनदा "बरं" म्हणाला आणि ठेवून दिला.

"एल्डन, ऊठ. हात मोकळा कर."

"मी?"

"नाही, तुझे आजोबा. ऊठ लेका!"

एल्डन उठला तो असा की शेजारच्याच्या मांडीवरची सूर्यफुलाच्या बियांची पिशवी सगळी जमिनीवर सांडली. कुणी हसलं नाही. बाकावरच्या पाचही जणांना ठाऊक होतं की हा छत्तीस वर्षांचा माणूस तीन दिवस या एका फोनची वाट बघत बसलाय. मी तोंडावर जाळी चढवली, जमिनीवरच्या पांढऱ्या प्लेटमागे उकिडवा बसलो आणि हातमोजा पुढे धरला.

मैदानाच्या टोकाला कुंपणाआड आमची जागा, तिला बुलपेन म्हणतात. राखीव पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारे, तिथे बसून असतात आणि बोलावणं आलं की आत जायच्या आधी माझ्याकडे चेंडू टाकून हात तापवतात. नऊ वर्षं मी हे करतोय. मी स्वतः बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळलो नाही. जे खेळायला जातात त्यांचे चेंडू झेलतो, त्यांना दार उघडून देतो आणि परत येऊन बसतो. मला याचं वाईट वाटत नाही असं मी लोकांना सांगतो.

एल्डनची गोष्ट वेगळी होती. चॅटनूगाला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तेव्हा मी कॅचर होतो, तो वीस वर्षांचा किडमिडीत डावखुरा पिचर. वेग बेताचा होता, पण त्याच्याकडे एक हुन्नर होता. पिचर पाय उचलतो तेव्हा तो बॅटरकडे टाकणार की वळून पहिल्या बेसकडे फेकणार, हे पहिल्या बेसवरचा रनर त्याच्या पायावरून ओळखतो, नाहीतर बेस सोडून पुढे सरकलेला सापडतो आणि बाद होतो. एल्डनच्या पायावरून देवालाही कळलं नसतं. रात्ररात्र हॉटेलच्या आरशासमोर घोटलेलं होतं ते. मी दोन पलंगांच्या मध्ये रनर होऊन उभा राहायचो आणि हा गाढव मला मोज्यांचा बोळा फेकून मारायचा.

पुढे मी शहाणा झालो आणि खेळ सोडला. त्याने नाही सोडला. चॅटनूगा, विचिटा, टोलीडो, टुसान, सगळे खालच्या लीगचे संघ, मध्येच दोन हिवाळे मेक्सिकोत. बसमध्ये मान अवघडून झोपायचं, गाडीच्या दिव्याखाली सॅन्डविच खायचं, आणि ज्या पोरांना बोट धरून शिकवलं ती पोरं एकेक करून वर जाताना टाळ्या वाजवायच्या. चार वर्षांपूर्वी त्याला एकदा वर, मोठ्या लीगमध्ये, बोलावलं होतं. विमानातून उतरला तर संघाचा माणूस उभा. ज्याचा खांदा दुखत होता तो बरा झालाय, तुझं परतीचं तिकीट हे. विमानतळावरूनच माघारी. त्या रात्री त्याने मला फोन केला आणि वीस मिनिटं फक्त टोलीडोतल्या पावसाबद्दल बोलला.

या खेपेला आमच्या डावखुऱ्याचे वडील वारले. तो तीन दिवस अंत्यविधीला गेला आणि बदली म्हणून एल्डन आला. शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारी दोनदा आला, दोन्ही वेळा दुसऱ्यासाठी. आज रविवार, दुपारचा सामना, आणि उद्या सकाळी तो डावखुरा परत येणार होता. एल्डनची बायको नोरीन अकरा तास गाडी हाकत आली होती आणि तिसऱ्या बेसमागे कुठेतरी बसली होती. तिला त्याने शब्द दिला होता की हे वर्ष शेवटचं. गावच्या शाळेत मुलांना गाडी शिकवायची नोकरी ठरूनही गेली होती.

"गस," शनिवारी तो मला म्हणाला होता, "मला जिंकायबिंकायचं नाही रे. एक चेंडू टाकायचाय. एक. बॅटरने स्टेडियमच्या बाहेर भिरकावला तरी चालेल मला."

"बाहेर कशाला भिरकावेल, मेल्या? शुभ बोल की."

"खरं सांगतो. भिरकावला म्हणजे टाकला तरी होता ना मी."

आता तो माझ्याकडे चेंडू टाकत होता आणि चेंडू छान येत होते. वळणारा तर असा खाली बसत होता की माझा अंगठा झिणझिणला.  

सातवा डाव. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोन बाद, तिसरा गेला की डाव संपतो, पहिल्या बेसवर एक रनर, आणि पुढचा बॅटर डावखुरा. मॅनेजर बाहेर आला, रमतगमत माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, गेला आणि डाव्या दंडाला हात लावला. डावखुरा पाठवा.

मी दार उघडलं. एल्डनचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि तिथे मी माती खाल्ली. नऊ वर्षांची खोड. जो आत जातो त्याला काहीतरी उपयोगाचं सांगून पाठवायचं, हाच आमचा धंदा. म्हणायला हवं होतं, जा बाबा, डोळे भरून बघून घे. मी काय म्हणालो?

"बेसवरचं ते पोरगं हावरट आहे. डावखुऱ्या पिचरसमोरही बेस सोडून अर्धं पाऊल जास्त पुढे निघतं. आणि वजन पुढच्या पायावर असतं त्याचं."

त्याने मान डोलावली आणि धावत गेला.

नव्या पिचरला माउंडवरून सरावाचे आठ चेंडू मिळतात. ते त्याने टाकले. ते कुठे मोजले जात नाहीत. मग पंचाने बोट दाखवलं आणि बॅटर येऊन उभा राहिला. एल्डन वाकून कॅचरची खूण बघत होता. कॅचरने सरळ, वेगाचा चेंडू मागितला होता. एवढ्या लांबूनही मला ते दिसलं, कारण मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो. एल्डनने मान डोलावली. दोन्ही हात छातीशी आणून थांबला. जरा जास्तच वेळ थांबला असं मला वाटलं, आणि एकदम मला कळलं की हा काय बघतोय.

"नको," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. हॅलोरनने वळून बघितलं.

पाय वर गेला. तोच पाय. चाळीस हजार लोकांना वाटलं बॅटरकडे चालला. रनरलाही तेच वाटलं. चेंडू पहिल्या बेसवर पोचला तेव्हा ते पोरगं दुसऱ्या बेसच्या वाटेवर तोंडघशी पडून माघारी सरपटत होतं. बाद. तिसरा बाद, डाव संपला, आणि बॅटरकडे एकही चेंडू गेला नव्हता.

काय गलका झाला! पहिल्या बेसवाल्याने येऊन त्याला उचललंच. आमच्या बाकावरची पोरं कुंपणावर थपडा मारत होती. "बघितलंस? अरे, बघितलंस का म्हाताऱ्याला?" मी बघितलं होतं. बॅटर बॅट खांद्यावर टाकून परत चालला होता आणि एल्डन त्याच्या पाठीकडे बघत माउंडवर उभा होता. लोक टाळ्या वाजवत होते तरी तो हलला नाही. मग कॅचरने त्याच्या पाठीत हात घातला आणि त्याला बाहेर नेलं.

आमच्या डावात पहिली पाळी पिचरची होती. त्याच्या जागी मॅनेजरने दुसरा बॅटर पाठवला, आणि एकदा बदललेला खेळाडू परत येऊ शकत नाही, म्हणजे एल्डनचं काम संपलं. नवव्या डावात त्यांनी तीन धावा काढल्या आणि सामनाही आमच्या हातून गेला.

मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तेव्हा तो मॅनेजरच्या दालनातून बाहेर येत होता.

"काय म्हणाला?"

"वीस वर्षांत असा पाय पाहिला नाही म्हणाला. पाठ थोपटली. मग म्हणाला, सकाळी टोलीडोला हजर हो." तो आपल्या कप्प्यासमोर बसला. "मी म्हटलं, टोलीडोला नको. नोरीनबरोबर घरीच जातो."

"एल्डन, जाऊ द्यायचंस की त्या पोराला. सरळ टाकायचास. कोण विचारणार होतं तुला?"

"एका धावेचा सामना होता, गस."

"खड्ड्यात गेला सामना! हरलोच ना शेवटी?"

"तेव्हा कुठे हरलो होतो?" तो हळूच म्हणाला. "दिसलं रे. वजन पुढच्या पायावर होतं त्याचं. दिसल्यावर कसं काय टाकणार?"

मला तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. नाही बसलो. 

"मी बोललो नसतो तर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. सोळा वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता आणि आता बोलला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

"तर टाकला असता," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. मी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

मग मी त्याचे बूट, हातमोजे, टॉवेल, सगळं दोन पिशव्यांत भरू लागलो. संघाचा शर्ट त्याने स्वतः घडी घालून बाकावर ठेवला. मी म्हटलं, ने की, कोण बघतंय. त्याने नको म्हणून मान हलवली.

बाहेर पार्किंगमध्ये नोरीन गाडीला टेकून उभी होती. डोळे सुजले होते. सोळा वर्षं पिचरशी संसार केलेली बाई, तिला काय समजावून सांगायचं! ती पुढे आली, त्याच्या छातीवर कपाळ टेकवून क्षणभर उभी राहिली आणि मग नेहमीच्या सवयीने तिने पिशवीला हात घातला. एल्डनच्या डाव्या हाताला कधी ओझं लागू द्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. किराणा तिने उचलायचा, सामान तिने चढवायचं, लग्नाच्या दिवशी बॅगाही तिनेच वाहिल्या होत्या. आम्ही तिला त्यावरून काय काय चिडवायचो.

"राहू दे," एल्डन म्हणाला.

त्याने ती अवजड पिशवी डाव्या हाताने उचलली. दुसरीही त्याच हातात घेतली आणि गाडीच्या मागच्या बाजूला चालू लागला. नोरीनचे हात तसेच पुढे राहिले होते.