तडा गेलेल्या खलाची कबुली

मित्रांनो, मी औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेतला एक जुना खल आहे. पांढऱ्या मातीचा, भट्टीत भाजून निघालेला. माझ्यात एका बाईंनी एकशे तेरा झाडांची पानं, साली, मुळं वाटली. सगळे त्यांना 'पाल्याच्या बाई' म्हणत. वाटलेल्या पाल्याचा अर्क काढायचा, काचेच्या बशीतल्या पेशींवर घालायचा आणि सूज आणणारा पदार्थ घटतो का ते मोजायचं, हे त्यांचं काम. सात वर्षं उत्तर एकच येई: नाही.

बाईंच्या आईचे गुडघे सुजून भोपळे झाले होते. नेहमीच्या गोळ्यांनी त्यांच्या पोटात आग पडायची. म्हणून बाई हट्टाला पेटल्या होत्या.

एकशे चौदाव्या पानाने कमाल केली. प्रयोगशाळेचे मोठे सर धावत आले. "बाई, नाव काढलंत! महिन्याभरात छापायला देऊ." बाईंनी लगेच आईला आनंदाची बातमी कळवली. कुणीतरी माझाही फोटो घेतला. मी हरखलो.

पण खरं मला ठाऊक होतं. माझ्या तळाला केसाएवढा तडा होता. आदल्या दिवशी तुलनेसाठी माझ्यातच सूज उतरवणारी गोळी कुटली होती. तिची पूड त्या तड्यात अडकली होती. मी मुका, सांगणार कसं?

बाईंनी खात्रीसाठी तेच पान नव्या खलात वाटलं. काहीच नाही. पुन्हा वाटलं. काहीच नाही. मग त्यांनी मला खिडकीशी धरलं, तळावरून नख फिरवलं. नख तड्यात अडकलं आणि तुलनेसाठी कुटलेली ती गोळी त्यांना आठवली.

"राहू द्या ना," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली, "कुणाला कळतंय?"

बाईंनी आईला फोन लावला. "आई, ते औषध नव्हतंच गं. माझी चूक झाली."

"गुडघे माझे, आणि रडतेस तू?" आई म्हणाल्या. "सरांना सांगून मोकळी हो. आणि आधी जेवून घे."

बाई न जेवताच सरांकडे गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावरचं त्या पानाचं नाव पुसलं.

तेव्हापासून मी कपाटावर धूळ खातोय. बाई आता एकशे एकोणतिसाव्या झाडावर आहेत. वाईट वाटतं ते माझ्या निवृत्तीचं नाही, त्या माउलीला दाखवलेल्या खोट्या आशेचं.

मित्रांनो, साधनं घासूनपुसून ठेवा, कामाआधी नीट निरखा. आणि एखादा तडा सापडलाच, तर तो झाकू नका. बाईंसारखे उठा आणि सांगून या.